तारेत ओवलेली पत्रं

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. येताना मी ही तार बरोबर आणली आहे. पुढच्या रांगेतल्या वडीलधाऱ्यांनी ती ओळखलीच असेल. आलेलं पत्र वाचून झालं की तारेत टोचायचं आणि तार माजघरातल्या खुंटीला अडकवायची. आमच्या घरच्या या तारेत आजोबांची एकतीस पत्रं होती. दुसऱ्या महायुद्धात ते मराठा पलटणीत होते, आधी आफ्रिकेत, मग इटलीत. प्रत्येक पत्राच्या मधोमध गंजाचं भोक पडलंय आणि त्या भोकानं एखादा तरी शब्द खाल्लाय. एका पत्रात कुणाच्या तरी आजाराची चौकशी आहे, पण नेमकं नावच गेलंय.

ही सगळी पत्रं आजोबांची. आजीकडून त्यांना गेलेलं एकही पत्र आमच्याकडे नाही. घर जागच्या जागी असतं, तिथं कागद टिकतो. शिपाई आज इथं, उद्या तिथं. त्याच्या पिशवीतला कागद चिखलात, पावसात जातो. म्हणून बहुतेक घरांत संभाषणाची एकच बाजू उरते. दुसरी बाजू त्याच्या उत्तरांवरून ओळखावी लागते. त्यांनी लिहिलं की विहिरीचा गाळ आता काढू नका, तर समजायचं की घरून तसं विचारलं होतं.

तरुणपणी मी या पत्रांत लढाई शोधायचो. ती सापडेना. ठिकाणाचं नाव लिहायला बंदी होती, पत्र अधिकाऱ्याच्या नजरेखालून जायचं. त्यामुळे सगळीकडे म्हैस, बैल, शेतसारा आणि थोरल्या मुलीला देवी टोचल्या का हाच प्रश्न. माझी फार निराशा झाली होती. पुढे पत्रं तारखेनुसार लावली तेव्हा मला जे दिसलं, ते सांगायलाच मी आज उभा आहे.

पहिली पत्रं आजोबांनी त्यांच्या वडिलांना लिहिलेली आहेत. तीर्थरूप, शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष, असा सगळा रिवाज पाळलेला. आजीचा उल्लेख शेवटच्या ओळीत, तोही नाव न घेता, ‘घरातील मंडळींस’ एवढाच. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. पत्र शाळेतला एखादा पोरगा वाचायचा आणि ओसरीवर बसलेले सगळे ऐकायचे. अशा पत्रात नवरा-बायकोनं एकमेकांना काय लिहावं? तरीही १९४४ पर्यंत सूर बदलतो. बैल विकायचा की ठेवायचा, हे आजोबा वडिलांच्या पत्रातच, पण ‘तिला विचारून’ ठरवा म्हणून लिहितात. शेत वाट्यानं कुणाला द्यायचं तेही तिलाच विचारा म्हणतात. चार वर्षं शेत तिनं सांभाळलं होतं. पलटणीच्या इतिहासात ही गोष्ट कुठून येणार?

आणखी एक. १९४३ पासून आपल्या सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार चालू होतं. क्रांतिसिंह नाना पाटलांचं नाव इथल्या लहान मुलांनाही माहीत आहे. एकीकडे याच जिल्ह्यातली पोरं इंग्रजांच्या पलटणीत इटलीत लढत होती आणि दुसरीकडे त्यांच्याच गावांतून भूमिगतांना भाकरी जात होती. आजोबांच्या तीन पत्रांत ‘पाहुण्यां’ची चौकशी आहे. त्या दुष्काळी वर्षांत आमच्याकडे कुठले पाहुणे? आजी म्हणायची, ते रात्री यायचे आणि उजाडायच्या आत जायचे. सेन्सॉरला काय कळणार, पाहुणे म्हणजे पाहुणे.

असे आडपडदे पहिल्या महायुद्धातही होते. १९१४ मध्ये हिंदी फौजा फ्रान्सला पोचल्या आणि त्यांची पत्रं तपासायला बूलोन इथं खास कचेरी उघडली गेली. शिपाई हिंदी सैनिकांना काळी मिरी आणि गोऱ्यांना लाल मिरची म्हणून लिहायचे. काळी मिरी संपत आली, असं लिहिलं की घरच्यांनी काय ते समजायचं. पुढे सेन्सॉरनंही ते ओळखलं. ही कचेरी वेचक पत्रांचे उतारे इंग्रजीत करून अहवालात घालायची, आणि ते अहवाल आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मूळ पत्रं घरोघर गेली आणि बहुतेक वाळवीनं खाल्ली. आपल्या माणसांचे शब्द उरले ते पाळत ठेवणाऱ्याच्या कपाटात, तेही त्याच्या भाषेत. याचं मला आजही वाईट वाटतं.

त्याच महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुट-अल-अमारा इथं ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ पर्यंत हिंदी फौजेची पुणे डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यात अडकली होती. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी तिच्यातच होत्या. त्याच वेढ्यात कल्याणकुमार मुखर्जी नावाचे बंगाली लष्करी डॉक्टर होते. ते पुढे तुर्कांच्या कैदेत वारले. त्यांनी आईला लिहिलेली पत्रं घरानं जपली आणि त्यांची वृद्ध आजी मोक्षदादेवी यांनी त्या पत्रांवरून नातवाचं चरित्र लिहून १९२८ मध्ये छापलं. एका आजीनं हे केलं! कुटच्या मराठा शिपायांची अशी पत्रं आपल्या गावांत कुठं असतील, तर ती मोडीत असण्याचा संभव मोठा. नातवंडांना ती वाचता येत नाहीत, म्हणून रद्दीत जातात. मोडी वाचणारी माणसं अजून आहेत. त्यांना दाखवल्याशिवाय एक चिटोरंही टाकू नका.

आता एक अवघड गोष्ट. मृत्यूची बातमी देणारं पत्र आमच्याकडे घरात ठेवत नसत. वाचलं की फाडून टाकायचे. आमच्या चुलत घराण्यातला एक जण परत आला नाही, पण त्याची बातमी देणारा कागद नाही. कळतं ते पुढच्या पत्राच्या मायन्यावरून. त्याच्या बायकोच्या नावामागचं ‘सौ.’ गेलं आणि ‘गं. भा.’ आलं. दोन अक्षरं फक्त. ती पहिल्यांदा वाचली तेव्हा मी बराच वेळ पत्र खाली ठेवून बसलो होतो.

पत्रांइतकीच मला मोलाची वाटतात मनीऑर्डरची कुपनं. पोस्टमन पैसे घरी द्यायचा आणि त्यांच्याबरोबर फॉर्मचा खालचा तुकडाही, ज्यावर दोन ओळी लिहायला जागा असे. आमच्याकडे अशी नऊ कुपनं आहेत. त्यांच्या मागे कोळशानं ओढलेल्या उभ्या रेघा आहेत, कुठं चार, कुठं सात. उधारी फेडल्याचा तो हिशेब असावा. आजीच्या हातचं ‘लिखाण’ म्हणून माझ्याकडे एवढंच आहे.

म्हणून हात जोडून सांगतो, या कागदांचं लॅमिनेशन करू नका. ते पुन्हा सुटत नाही आणि आत कागद कुजतो. सेलोटेप लावू नका, चिकटपट्टीचा डाग जन्मभर राहतो. पाकीट टाकू नका, तारीख आणि टपालाचा शिक्का त्यावरच असतो. पुढच्या काळातलं ‘५६ एपीओ’, म्हणजे फौजेच्या टपालाचा पत्ता, लिहिलेलं पाकीट असेल तर तेही ठेवा. त्यावरून गाव कळत नाही, पण माणूस फौजेत होता हे कळतं. मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढा, कोऱ्या मागच्या बाजूचासुद्धा. आणि पत्रातली तात्या, बापू, थोरली वहिनी म्हणजे कोण, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारून वेगळ्या कागदावर लिहून ठेवा.

बाहेरच्या टेबलावर वह्या आणि पेन्सिली ठेवल्या आहेत. ज्यांच्या घरी अशी तार असेल त्यांनी जाताना आपलं गाव लिहून जावं. पुढच्या रविवारी मी भिंग घेऊन याच ठिकाणी दिवसभर बसणार आहे.