एक प्रिंट, दोन थेटरं

नमस्कार श्रोतेहो. बेळगावच्या भर बाजारातलं एक थेटर पाडलं, त्याबद्दल आज बोलणार आहे. नाव मुद्दाम घेत नाही. कॅम्पातल्यांनी कॅम्पातलं धरावं, शहापूरकरांनी आपलं धरावं. हकीकत कुठेही बसते.

आधी थोडा इतिहास. 1929 साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी निघाली, 1931 मध्ये देशात पहिला बोलपट आला, आणि 1933 मध्ये प्रभात पुण्याला गेली. कोल्हापूर आपल्यापासून शे-सव्वाशे किलोमीटर, त्यामुळे मराठी बोलपट इथं कधी पाहुणा वाटलाच नाही. पुढे 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची नवी आखणी झाली आणि बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. त्यावर सभा झाल्या, सत्याग्रह झाले, ते सगळं तुम्हाला पाठ आहे. थेटराच्या भिंतीवर मात्र मराठी, कन्नड आणि हिंदी पोस्टरं एकाच खळीनं चिकटत राहिली.

आता रिळांचं जरा समजून घ्या, कारण पुढची सगळी गंमत रिळांची आहे. पस्तीस मिलिमीटरची फिल्म, सेकंदाला 24 चित्रं. हजार फुटांचं एक रीळ साधारण अकरा मिनिटं चालायचं, म्हणजे तीन तासांच्या सिनेमाला सोळा-सतरा रिळं. केबिनमध्ये मशिनं दोन. एकावरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर गोल ठिपका चमकायचा, आणि ऑपरेटर दुसरं मशीन सुरू करायचा. उजेड कार्बनच्या कांड्यांचा. दोन कांड्यांच्या टोकांमध्ये ठिणगी पेटायची, कांड्या जळत जायच्या आणि ऑपरेटर त्या पुढे सरकवत राहायचा. त्याचं लक्ष चुकलं की पडदा पिवळा पडे, आणि खालून शिट्ट्या.

प्रिंट महाग. म्हणून एक प्रिंट, दोन थेटरं. लक्षात ठेवा, एक प्रिंट, दोन थेटरं! पलीकडच्या थेटरात खेळ तासभर आधी सुरू व्हायचा. तिथली रिळं संपतील तशी डब्यात घालून एक पोरगा सायकलवरून आमच्याकडे आणायचा. सायकलीवरून आठवलं, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली बेळगावातच सायकलचं दुकान काढलं होतं. एवढा मोठा कारखानदार आपल्या गावात सायकली विकत होता, आणि आपण त्या रस्त्यावर चारचाकी आडवी लावून कुंदा घ्यायला उतरतो. असो.

तर सत्तरच्या दशकातली गोष्ट. मला ती त्या थेटराच्या डोअरकीपर मामांनी सांगितली, आणि प्रत्येक वेळी थोडी वाढवून सांगितली. दिवस शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीचा. आपली शिवजयंती वैशाखातली, आणि मिरवणूक रात्रभर चालणारी, हे बेळगावकराला काय सांगायचं! अशा रात्री खेळ ठेवू नये, हे कुणालाही कळतं. मालकांना कळलं नाही. वर त्या रात्री हाऊसफुल्ल.

मध्यंतरापर्यंत ठीक चाललं. मध्यंतरानंतर दोन रिळं झाली आणि पडदा पांढरा. पुढचं रीळ पोराच्या कॅरियरवर, पोरगा रेल्वे गेटपाशी. गेट उघडलं तर पुढे मारुती गल्लीत माणसांची भिंत. इकडे थेटरात आधी जाहिरातीच्या स्लाइडा दाखवल्या. मग गाण्याचं रीळ परत लावलं, लोकांनी ते नाचून घेतलं. मग तिसऱ्यांदा लावलं, तेव्हा खुर्च्या आपटायला लागल्या. मामा दारात उभे राहून ओरडताहेत, "रीळ येऊलालंय, बसा की गप्प!"

कोण बसतंय? बाहेर ढोल-ताशे. अर्धं थेटर उठून मिरवणूक बघायला गेलं. तिकिटांची अर्धुकं आत जमिनीवर, माणसं बाहेर चौकात.

तासाभरानं पोरगा आला. सायकल नाही, नुसते डबे, आणि तेही लेझीमवाल्या पोरांच्या डोक्यावरून. आता लोक आत यायला लागले आणि मामांच्या लक्षात आलं, गेले त्यापेक्षा जास्त येताहेत! तिकीट कुणाकडेच नाही. मामांनी डोकं चालवलं. दारात आडवा हात घालून प्रत्येकाला विचारायचं, "सांग, शेवटी काय झालतं?" ज्यानं सिनेमा बघितला तोच सांगेल.

पहिल्यानं सांगितलं. दुसऱ्यानं सांगितलं. दहाव्यानं तर संवादासकट सांगितलं. झालं असं होतं, की आतली माणसं चौकात उभी राहून तासभर तीच गोष्ट सांगत होती. अख्ख्या गल्लीला सिनेमा पाठ! मामांनी प्रश्न बदलला, "तुझ्या शेजारी कोण बसलं होतं?" प्रत्येकानं मागच्याकडे बोट दाखवलं.

तेवढ्यात चित्ररथावरची मंडळी आली. दोन मावळे, एक तानाजी, आणि त्यांच्या मागे जिरेटोप घातलेले साक्षात महाराज. मामांचा हात आपोआप खाली आला. मला म्हणाले, "महाराजास्नी तिकीट कोण विचारणार गा?" महाराज बाल्कनीत बसले. मावळ्यांनी भाले मामांकडे ठेवायला दिले. उरलेला सिनेमा गर्दीनं उभ्यानं बघितला, आणि मालकांनी दुसऱ्या दिवशी मामांना बोलावून हिशोब विचारला. मामांनी भाले पुढे केले. न्यायला कुणी आलंच नव्हतं.

मी तर म्हणतो, थेटर मामांसारख्या माणसांवर चालायचं. हल्ली दारावर यंत्र तिकिटाची रेघ वाचतं, आणि आत मक्याच्या लाह्या तिकिटापेक्षा महाग. चहा कागदी कपात, ओठ भाजतो आणि चव लागते कागदाची. तेही असो.

काचेपलीकडून मला हात दाखवताहेत, वेळ संपत आली. थेटर गेलं कसं, ते थोडक्यात. ऐंशीच्या दशकात व्हिडिओ आला, नव्वदच्या दशकात केबल. मग प्रिंटच गेली, सिनेमा उपग्रहावरून यायला लागला, तेव्हा सायकलवाल्याचं आणि कार्बनचं काम संपलं. एक पडदा, शेकडो खुर्च्या, दुपारच्या खेळाला पंधरा माणसं, आणि खाली बाजारातली सोन्याच्या भावाची जागा. मालकांच्या मुलांनी विकली, त्यांना दोष देत नाही. मशिनं किलोवर भंगारात गेली. आता तिथं दुकानांची इमारत आहे, तळमजल्यावर मोबाइलवाले.

भाले मात्र मामांनी मंडळाला परत केले, असं ते सांगायचे. कोणत्या मंडळाला, हे दर वेळी वेगळं असायचं. नमस्कार.