म्हातारा कुत्रा चिडका होतो तेव्हा

उपस्थित पालकहो, नमस्कार.

माझ्याकडे येणाऱ्या अनेक घरांचा हिशेब एकसारखाच असतो. लग्नानंतर वर्षा-दोन वर्षांत नवरा-बायको कुत्र्याचे पिल्लू घरी आणतात; बहुतेक वेळा ते लॅब्रॅडॉर असते, कधी सोसायटीच्या फाटकाशी सापडलेले गावठी पिल्लूही असते. तीन-चार वर्षांनी पहिले मूल होते, आणखी तीन-चार वर्षांनी दुसरे, आणि ते धाकटे मूल घरभर धावू लागते तेव्हा कुत्र्याला दहावे वर्ष लागलेले असते. लॅब्रॅडॉरचे आयुष्य साधारणपणे १० ते १२ वर्षांचे, फार तर १३-१४. ज्या वयात मुलाला कुत्रा हा घरातला सगळ्यात मोठा सवंगडी वाटतो, नेमक्या त्याच वर्षांत कुत्र्याला निवांतपणा हवा असतो. कुत्र्याच्या वयाला सातने गुणण्याची जुनी पद्धत फारशी खरी नाही. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी १०४ लॅब्रॅडॉर कुत्र्यांच्या डीएनएतील बदल तपासून २०२० साली जे सूत्र मांडले, त्यानुसार कुत्रा पहिल्याच वर्षात झपाट्याने तिशीत पोहोचतो, पुढे त्याचे वाढणे मंदावते आणि दहाव्या वर्षी तो सदुसष्ट-अडुसष्टच्या घरात असतो. म्हणजे जवळपास मुलांच्या आजोबांच्या वयाचा.

पुण्यात पाळीव प्राण्यांवर उपचार करताना एक तक्रार मी वारंवार ऐकत आलो आहे. ‘डॉक्टर, हा हल्ली फार चिडका झालाय. परवा धाकटीवर गुरगुरला.’ सांगणाऱ्या आईच्या आवाजात मुलीची काळजी असते आणि इतक्या वर्षांच्या सोबत्याविषयी असे बोलावे लागत असल्याचे दुःखही असते. आज मला जे सांगायचे आहे ते याच तक्रारीविषयी. नऊ-दहा वर्षे जो कुत्रा घरात कोणावर गुरगुरला नाही, तो एकाएकी गुरगुरू लागला, तर त्याच्या स्वभावात खोट शोधण्याआधी त्याच्या अंगातले दुखणे शोधावे.

असा कुत्रा दवाखान्यात आला की मी त्याला लगेच टेबलावर घेत नाही. तो फरशीवर बसला असेल तर तसाच बसू देतो आणि घरच्यांपैकी कोणाला तरी दारापर्यंत जाऊन त्याला हाक मारायला सांगतो. निरोगी कुत्रा एका झटक्यात उठतो. ज्याच्या खुब्यात किंवा गुडघ्यात संधिवात आहे, तो आधी पुढचे दोन्ही पाय फरशीत रोवतो, मान खाली घालतो, सगळा भार खांद्यांवर घेतो आणि मग मागचा भाग ओढून वर आणतो. तेवढ्यात गुळगुळीत टाइलवर मागचे पंजे बाहेरच्या बाजूला घसरतात, नखे फरशीवर करकरतात, आणि उभा राहिल्यावर तो क्षणभर तसाच थांबतो. पहिली चार-पाच पावले आखूड पडतात, मग चाल जरा सुटते. पुष्कळ पालक ती सुटलेली चाल पाहून म्हणतात, ‘बघा, तसा चालतो व्यवस्थित.’ त्यानंतर मी दोन्ही मांड्या हाताने चाचपतो, तेव्हा ज्या बाजूला दुखणे जास्त असते तिकडचे मांस झडलेले लागते. खुब्याचा सांधा हळूच मागे ताणला तर कुत्रा बहुधा केकाटत नाही. तो मान वळवून माझ्या हाताकडे पाहतो आणि जिभेने ओठ चाटतो. एवढेच. वेदना सांगण्याची त्याची रीत इतकी अबोल असते की रोज त्याच्याबरोबर राहणाऱ्यालाही ती दिसत नाही.

आता याच खुब्यावर तीन वर्षांची मुलगी प्रेमाने येऊन पडते. तिच्या दृष्टीने ती मिठी असते, आणि ती खरोखरच मिठी असते. कुत्रा आधी तोंड दुसरीकडे वळवतो, जांभई देतो, ओठ चाटतो. मग त्याचे अंग ताठ होते आणि डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसू लागतो. या सगळ्या सूचना कोणाच्या लक्षात येत नाहीत, आणि शेवटी तो गुरगुरतो. त्या क्षणी घरातले मोठे माणूस त्याला दटावते, कधी चापटही मारते. माझी कळकळीची विनंती आहे की गुरगुरण्याबद्दल कुत्र्याला कधीही शिक्षा करू नका. दटावल्याने दुखणे थांबत नाही, फक्त सूचना थांबते, आणि सूचना द्यायचे सोडून दिलेला कुत्रा पुढच्या वेळी थेट दात लावतो. तो गुरगुरला की मुलाला शांतपणे उचलून बाजूला घ्यावे, कुत्र्याला त्याच्या जागी जाऊ द्यावे आणि त्याच आठवड्यात त्याची तपासणी करून घ्यावी.

डोळे आणि कान यांचेही तसेच आहे. म्हाताऱ्या कुत्र्याच्या बुबुळात निळसर झाक दिसते ती बहुतेक वेळा मोतीबिंदू नसते. भिंगाचा गाभा वयोमानाने घट्ट झाल्यामुळे ती येते आणि तिने दृष्टी फारशी जात नाही. ऐकू येणे कमी होते त्याचा धोका अधिक. गाढ झोपलेल्या बहिऱ्या कुत्र्याला मुलाने मागून हात लावला तर तो दचकून उठताना चावू शकतो, आणि त्यात राग नसतो. चार-पाच वर्षांच्या मुलाला एवढे नक्की शिकवता येते की कुत्र्याकडे समोरून जायचे, दोन पावले अलीकडे थांबून जमिनीवर पाय आपटायचा, त्या हादऱ्याने त्याने मान वर केली की मगच बोलायचे. मुलांना हा नियम आवडतो, कारण कुत्र्याला तो कळतो हे त्यांना स्वतःला दिसते.

तीन वर्षांखालच्या मुलाला मात्र नियम शिकवून भागत नाही. तिथे अडसरच हवा आणि मोठ्या माणसाची नजर हवी. कुत्रा कितीही गरीब असला तरी रांगते किंवा नुकते चालू लागलेले मूल आणि म्हातारा कुत्रा यांना एका खोलीत एकटे सोडू नये, अगदी दूध गॅसवर आहे म्हणून दोन मिनिटांसाठीही नाही. घरात कुत्र्याची अशी एक जागा असावी जी येण्याजाण्याच्या वाटेत नसेल, जिथे जाड गादी किंवा चारपदरी गोधडी असेल आणि दारात लहान मुलांसाठी लावतात तसले बुटके फाटक असेल. तो तिथे असताना त्याला कोणी हात लावायचा नाही, हा नियम आजी, आत्या आणि पाहुण्यांनीही पाळला तरच मूल तो पाळते. गादीपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत खाली रबर असलेल्या पट्ट्या किंवा जुन्या योगासनाच्या चटया अंथराव्यात. संधिवाताच्या कुत्र्याला या खर्चाचा जेवढा फायदा होतो, तेवढा महागड्या पट्ट्यांचा आणि बिस्किटांचा क्वचितच होतो.

बिस्किटांचा विषय निघालाच आहे तर वजनाविषयी बोलतो. ४८ लॅब्रॅडॉर कुत्र्यांवर त्यांच्या संपूर्ण आयुष्यभर एक अभ्यास झाला आणि २००२ साली तो प्रसिद्ध झाला. कुत्र्यांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणे दिले गेले. कमी खाणाऱ्यांचे मध्यम आयुर्मान जवळजवळ दोन वर्षांनी जास्त भरले आणि त्यांचा संधिवातही उशिरा वाढला. ज्या घरात दोन मुले आहेत त्या घरातल्या कुत्र्याचे वजन वाढते ते बहुधा जेवणाच्या टेबलाखाली. मुलाच्या हातून पडणारी पोळी, आवडत नाही म्हणून हळूच खाली सरकवलेला घास, शाळेतून परत आलेला डबा. यात वजनापलीकडचा धोकाही आहे. शिऱ्यातले आणि लाडवातले बेदाणे, मनुका आणि द्राक्षे कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी करू शकतात. त्यामागे टार्टारिक आम्ल असावे असा पशुवैद्यकांचा संशय २०२१ पासून बळावला आहे, आणि हे आम्ल चिंचेतही भरपूर असते, म्हणून चिंच-गुळाच्या आमटीचा भातही त्याच्या भांड्यात नको. कांदा-लसूण, चॉकलेट आणि काही बिनसाखरेच्या च्युइंगममध्ये असणारे झायलिटॉल हेही विषारीच. जेवण संपेपर्यंत कुत्र्याला फाटकाच्या पलीकडे ठेवणे हा सोपा उपाय आहे.

त्याहून गंभीर गोष्ट औषधांची. मुलांच्या तापासाठी घरात पॅरासिटामॉल असते, आयबुप्रोफेनचे पातळ औषध असते, आणि कुत्रा लंगडताना पाहून कोणीतरी कळवळून त्यातलेच चमचाभर त्याला देते. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडे बिघडतात. पॅरासिटामॉलने यकृताला इजा होते. कुत्र्यांसाठी वेगळी वेदनाशामके उपलब्ध आहेत, ती रक्ततपासणी करून सुरू करता येतात आणि सुरू केल्यावर काही दिवसांत घरचे लोक सांगू लागतात की गुरगुरणे कमी झाले. मला या व्यवसायात यापेक्षा मोठे समाधान क्वचित मिळते.

मुलांना कुत्र्यापासून फक्त दूर ठेवावे, असे मी म्हणत नाही. त्यांना काम द्यावे, आणि ते खरे काम असावे. एका घरात सात वर्षांच्या मुलीकडे पाण्याच्या भांड्याचे काम होते. सकाळी खुणेपर्यंत भांडे भरायचे आणि पुन्हा भरावे लागले की भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेच्या चौकटीत एक रेघ मारायची. पावसाळ्यात, तहान कमी लागण्याच्या दिवसांत, चौकटींतल्या रेघा वाढू लागल्या. आईला वाटले मुलगी उगाच रेघा ओढते. मुलगी ठाम होती. ती दिनदर्शिकाच काढून त्यांनी माझ्याकडे आणली, तपासणीत मूत्रपिंडाचा विकार सुरुवातीच्या टप्प्यावर सापडला आणि आहार बदलून त्या कुत्र्याचे पुढचे दिवस बरे गेले. पाणी पिणे वाढणे, लघवी वाढणे ही मूत्रपिंडाच्या विकाराची आणि मधुमेहाची लक्षणे आहेत, आणि ऑफिस व घर सांभाळणाऱ्या मोठ्यांपेक्षा ती मुलाच्या नजरेला लवकर पडतात.

आणखी एक प्रसंग पुष्कळ घरांत एकाच वेळी घडतो. धाकटे मूल लंगोट सोडून शू सांगायला शिकत असते आणि त्याच महिन्यांत म्हाताऱ्या कुत्र्याचा ताबा सुटू लागतो. काही कुत्र्यांच्या मेंदूत वार्धक्याचे बदल होतात. ते रात्री येरझाऱ्या घालतात, कोपऱ्यात जाऊन तसेच उभे राहतात, बाहेर जायची सवय विसरतात. अशा वेळी बैठकीच्या खोलीत झालेल्या ओल्याबद्दल कुत्र्याला ओरडले गेले तर शेजारी उभे असलेले मूलही ते ओरडणे स्वतःकडे घेते. फडके आणि बादली आणून, न बोलता पुसून घ्यावे. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना कुत्र्याला वेळेवर खाली नेणे हाच मोठा प्रश्न असतो. लिफ्ट वापरू न देण्याचा ठराव करणाऱ्या सोसायट्यांना भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना दाखवाव्यात, त्यांत अशी मनाई करता येत नाही असे स्पष्ट म्हटले आहे.

‘आता तो बाहेर कुठे जातोय’ असे म्हणून रेबीजची वार्षिक लस बंद करणारी घरे मी पाहतो. ती बंद करू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार संशयित रेबीज झालेल्या प्राण्यांनी चावलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के मुले १५ वर्षांखालची असतात. स्वतःच्या घरातल्या कुत्र्याचा दात किंवा नख लागून खरचटले तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि डॉक्टरांकडे जावे; हळद, चुना, तिखट यांतले काहीही त्यावर लावू नये.

शेवटच्या दिवसांविषयी बोलायला पालक कचरतात, म्हणून ते मीच काढतो. मारिया नॉज या हंगेरियन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९४८ साली मुलांच्या मृत्यूविषयीच्या कल्पनांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाच वर्षांखालच्या मुलांना मरण हे परत येता येण्यासारखे जाणे वाटते, हे त्यातून दिसले. पुढच्या अभ्यासकांना असे आढळले की पाच ते सात या वयात बहुतेक मुलांना मेलेला परत येत नाही हे कळू लागते. म्हणूनच ‘त्याला झोपवले’ असे सांगू नये. मूल रात्री स्वतः झोपायला घाबरते. ‘गावाकडे शेतावर पाठवला’ असेही सांगू नये. मूल पुढच्या सुट्टीत शेतावर त्याला शोधते. देवाघरी गेला असे सांगणारी घरे असतील तर त्यांनी तसे जरूर सांगावे, पण सोबत हेही सांगावे की त्याचे हृदय थांबले, आता त्याला दुखत नाही, भूक लागत नाही आणि तो परत येणार नाही.

वेदना औषधाने आवरत नाहीत, कुत्रा खाणे सोडतो, स्वतःच्या पायांवर उभा राहू शकत नाही, अशा वेळी दयामरणाचा विचार करावा लागतो. भूल देणाऱ्या औषधाचाच मोठा डोस शिरेतून दिला जातो. आधी शुद्ध जाते आणि मग हृदय थांबते. मोठ्या मुलांना हे आदल्या दिवशी सांगावे, त्यांना कुत्र्याजवळ बसू द्यावे, हवे तर त्याच्या आवडीचे खाऊ घालू द्यावे, आणि इंजेक्शनच्या वेळी थांबायचे की नाही हे त्यांचे त्यांना ठरवू द्यावे. मात्र दयामरणाचा निर्णय त्यांच्यावर सोपवू नये. ‘सांग, काय करू या?’ असे आठ वर्षांच्या मुलाला विचारणारे वडील मी पाहिले आहेत, आणि त्या मुलाने खाली मान घालून दिलेले उत्तर त्याला पुढे कित्येक वर्षे सोसावे लागते. निर्णय आई-वडिलांनी डॉक्टरांशी बोलून घ्यावा, आणि तो आपण घेतला आहे, असे मुलाला स्वच्छ शब्दांत सांगावे.