गोळी घरात नको, पोटात हवी

मंडळी, पत्रिकेवर ‘हत्तीरोग आणि शहरातले डास’ असा विषय छापलाय. डासांकडे येतोच, पण आधी आठ गोळ्यांचा हिशेब मांडू द्या.

हत्तीरोगाच्या सार्वत्रिक औषधोपचार मोहिमेत आशाताई कृमींवरची तीन औषधं घेऊन दारात येते. पंधरा वर्षांवरच्या माणसाला डीईसीच्या १०० मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या, अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची एक, ती चावून. आयव्हरमेक्टिन मात्र उंचीप्रमाणे. १५८ सेंटीमीटरच्या वर असाल तर ३ मिलिग्रॅमच्या चार. झाल्या आठ. धडधाकट माणसाच्या तळहातावर आठ गोळ्या ठेवल्या तर तो काय म्हणणार? “ठेवून जा न ताई, जेवल्यावर घेतो.” गोळ्या फ्रिजवर जातात, रजिस्टरात बरोबरची खूण होते, आणि कागदावर रोग हटत राहतो. तुमच्यापैकी कितीजणांच्या फ्रिजवर आत्ता आहेत, हात वर करायला सांगत नाही.

“मला काही झालेलंच नाही” हे त्यामागचं खरं कारण. या रोगाची गोम तिथेच आहे. वुचेरेरिया बॅन्क्रॉफ्टी या हत्तीरोगाच्या कृमीची आठ-दहा सेंटीमीटरची मादी लसिकावाहिन्यांत (अंगातलं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांत) चार-सहा वर्षं आरामात राहते आणि लाखो सूक्ष्म पिल्लं रक्तात सोडते. ती रात्री १० ते २ च्या सुमारास कातडीजवळच्या रक्तात सर्वाधिक असतात, म्हणून रक्त तपासायलाही रात्रीच यावं लागतं. या काळात माणूस कामाला जातो, लग्नात नाचतो आणि डासांमार्फत शेजाऱ्यांना कृमी देत राहतो. पाय सुजेपर्यंत कित्येक वर्षं गेलेली असतात. दर फेरीत तीच माणसं गोळ्या टाळत गेली, तर बाकी गल्लीने निष्ठेने गिळूनही कृमींचा साठा शिल्लक राहतो. एकूण लोकसंख्येच्या किमान ६५ टक्के लोकांच्या पोटात औषध जायला हवं असं म्हणतात ते यासाठी. पोटात, हातात नव्हे.

दुसरी अफवा: “गोळी घेतली नि ताप आला, म्हणजे औषधच खराब.” उलट आहे. रक्तातली पिल्लं एकदम मेली की ताप, डोकेदुखी, अंगदुखी, चक्कर येते. दोन-तीन दिवसांत ओसरते आणि साध्या पॅरासिटामॉलने भागतं. ज्याला ताप आला त्याला बहुधा औषधाची गरज होती! उपाशीपोटी मात्र घेऊ नका. सावजी रस्साच लागतो असं नाही, दोन पोळ्या पुरतात. दोन वर्षांखालची मुलं, गर्भवती आणि गंभीर आजारी यांना यातलं काहीच द्यायचं नाही. आयव्हरमेक्टिन पाच वर्षांखालच्या किंवा ९० सेंटीमीटरहून बुटक्या मुलाला नको, आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यात आईलाही नको.

२०१९ च्या जानेवारीत ही तीन औषधांची पद्धत देशात ज्या पहिल्या काही जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आपला नागपूर होता. आफ्रिकेत जिथे ‘नदीअंधत्व’ हा दुसऱ्या एका कृमीचा रोग आहे, तिथे डीईसी सरसकट वाटता येत नाही. त्या कृमीची डोळ्यांतली पिल्लं मरताना दृष्टीवर बेततं. आपल्याकडे तो रोग नाही, म्हणून ही सोय आपल्याला आहे. तीही फ्रिजवर.

जाता जाता नारूची, पिण्याच्या पाण्यातून होणाऱ्या कृमिरोगाची, आठवण काढतो. पायातून हातभर दोऱ्यासारखा कृमी निघायचा, काडीवर गुंडाळत बाहेर ओढायचा. त्यावर ना लस होती ना कृमी मारणारी गोळी. पाणी गाळलं, पायऱ्यांच्या विहिरी बंद केल्या, रुग्णाला पाण्यात उतरू दिलं नाही. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ मधला, २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. इथे तर तीन-तीन औषधं हाताशी आहेत!

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, डास.

कूलरला शिव्या देऊ नका, निदान या रोगासाठी तरी. कूलरच्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा एडिस डास वाढतो. हत्तीरोगाचा क्युलेक्स घाण पाण्यातला: तुंबलेली गटारं आणि विशेषतः सेप्टिक टँक. टाकीच्या गॅस पाईपच्या तोंडाला बारीक जाळी किंवा जुनं सुती कापड घट्ट बांधा आणि झाकणाच्या फटी सिमेंटने बुजवा. कापड कुजतं, जाळी गंजते. पावसाळ्याआधी बघून बदला. नाईलाजाने साचून राहणाऱ्या पाण्यात गप्पी मासे सोडा, पण अगदी सडक्या पाण्यात तेही तगत नाहीत, तिथे अळीनाशकच. पिल्लू डासात शिरल्यावर संसर्गक्षम व्हायला दहा-बारा दिवस तरी लागतात आणि डासात त्यांची संख्या वाढत नाही, त्यामुळे डास कमी झाले की फरक पडतो. फवारणीच्या धुराने मात्र टाकीतल्या अळ्यांना काही होत नाही, फोटो तेवढा छान येतो.

आणि ज्यांचा पाय आधीच सुजलाय त्यांच्यासाठी. गोळ्यांनी सूज उतरत नाही. पाय धुण्याने वारंवारचा ताप आणि लालसर सूज कमी होते. रोज साध्या साबणाने, खोलीच्या तापमानाच्या पाण्याने, वरून खाली, हलक्या हाताने धुवा. घासणी नको. बोटांच्या बेचक्या स्वच्छ फडक्याने टिपून कोरड्या करा, चीर दिसली तर बुरशी मारणारं मलम लावा. झोपताना पाय उशीवर, बसल्या-बसल्या घोटा वर-खाली. ताप येऊन पाय लाल झाला असेल त्या दिवशी व्यायाम बंद, डॉक्टरांकडे जा. अंडवृद्धी असेल तर शस्त्रक्रिया आहे, ती सरकारी रुग्णालयात होते, लाजू नका.

बाकीचे प्रश्न बाहेर चहापाशी विचारा.