विंचवाचं पुस्तक आहे का?

(एका ग्रंथालयाच्या बालविभागात, उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, परीक्षा संपत आल्या की आमच्याकडे गर्दी होते ती पालकांची. हातात चिटोरं, आणि त्यावर स्वतःच्या लहानपणी वाचलेल्या पुस्तकांची नावं. ज्याच्यासाठी पुस्तक न्यायचं तो बाहेर पायरीवर चपला आपटत बसलेला. मी आधी त्याला आत बोलावते.

चिटोऱ्यावर फास्टर फेणे हमखास असतो. असायलाच हवा. भा. रा. भागवतांचा हा फुरसुंगीचा पोरगा सहावीतल्या मुलाला आजही आपल्या सायकलमागे पळवतो. पण परवा एक बाई तेच पुस्तक तिसरीतल्या लेकीसाठी मागत होत्या. शाळा इंग्रजी माध्यमाची, घरी मराठी. मुलगी बोलायला एकदम फर्डी. मी मधलं एक पान उघडून वाच म्हटलं. ‘उत्सुकतेनं’पाशी गाडी अडली. उत्... त्सु... बोट तिथंच. शब्द सुटला तेव्हा ओळीची सुरुवात विसरलेली. तिला रहस्यकथाच हवी होती, डोक्याला ती पेलतही होती, पण डोळे चार ओळींतच थकत होते. अशी मुलं आता घरोघरी आहेत, आणि आपण त्यांना ‘वाचनाची आवडच नाही’ म्हणून मोकळे होतो.

मग करायचं काय? दोन पुस्तकं न्यायची. एक तिनं वाचायचं, एक तुम्ही तिला वाचून दाखवायचं. तिच्यासाठी माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’ किंवा ‘यश’ घ्या. शब्दही त्यांचे, चित्रंही त्यांचीच. वाक्य छोटं, आणि बोललं जातं तसं. फेणे तुम्ही वाचा, रात्री, आणि तो अडचणीत सापडला की पुस्तक मिटून उशाशी ठेवून द्या. ‘आता झोप’ म्हणा. पुढचं पान कोण उघडतं ते सकाळी कळेल.

पारखायची एक सोपी रीत सांगते. पुस्तकाचं मधलंच पान काढायचं. पहिलं नको, ते लेखकानं सजवलेलं असतं. अडलेल्या प्रत्येक शब्दाला मुलानं एक बोट मिटायचं. पान संपायच्या आत मूठ वळली तर ते पुस्तक तुमच्या तोंडून ऐकायचं. एक-दोन बोटंच मिटली तर खुशाल त्याच्या हाती द्या. आठवीतल्या मुलाला मात्र हे चारचौघांत करायला लावू नका, तो परत येणार नाही.

मोठ्या मुलांच्या बाबतीत अडचण वेगळीच. ‘तोत्तोचान’ काढून दिलं की पालक म्हणतात, हे शिक्षणावरचं आहे ना, शिक्षकांनी वाचायचं. अहो, पहिलीतच शाळेतून काढून टाकलेली मुलगी आणि आगगाडीच्या डब्यांत भरणारी शाळा, यात मुलांना आवडणार नाही असं काय आहे? चेतना सरदेशमुख गोसावींच्या अनुवादाचं मराठीही कुठं अडखळत नाही. ती शाळा टोकियोत खरोखर होती आणि 1945 च्या बाँबहल्ल्यात जळाली, एवढं मी सातवीच्या मुलांना सांगते. पुढं काही सांगावं लागत नाही.

शंभर पानं बघूनच धसका घेणाऱ्यांना ‘किशोर’ द्या. बालभारतीचं हे मासिक 1971 पासून निघतंय, जुने अंक नेटवर फुकट मिळतात. एक कविता, अर्धी गोष्ट, कोडं. मधूनच सोडलं तरी बिघडत नाही.

आणि कृपा करून सारांशाची वही नको. मी स्वतःच्या मुलावर हा प्रयोग केलाय. फ्रिजवर तक्ता, वीस पुस्तकं, प्रत्येकाला पाच ओळी. पोरानं घरातली वीस सगळ्यात बारीक पुस्तकं शोधून काढली. त्यात एक वॉशिंग मशीनचं माहितीपत्रक होतं. पाच ओळी चांगल्या लिहिल्या होत्या, हेही सांगते.

गेल्या मे महिन्यातलं सांगते. पाचवीतला मुलगा, हातात सापांचं पुस्तक. आई म्हणाली, ‘असलं नको, काहीतरी गोष्टीचं द्या.’ मी दोन्ही दिली. गोष्टीचं तसंच परत आलं, पान न पान कोरं करकरीत. सापाचं मात्र आजोळी, रत्नागिरीकडे जाऊन आलं होतं, मधे आंब्याचा डाग. आल्या आल्या मला शिकवायला लागला: नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे आपल्याकडचे चार मुख्य विषारी. फुरसं अंगाची खवलं एकमेकांवर घासून आवाज करतं. आजोबांना ते माहीत होतं, पण मण्यार बहुतेक रात्रीच फिरते हे त्यानं आजोबांना वाचून दाखवलं. तीन वेळा. मराठीतून, मोठ्यानं. ‘याला वाचताच येत नाही’ म्हणणारी आई शेजारीच उभी होती.

मग त्यानं विचारलं, ‘विंचवाचं आहे का?’

पाचवीच्या मुलाला झेपेल असं आमच्याकडे नव्हतं. अजून नाही. तुमच्यापैकी कुणी मराठीत पाहिलं असेल, तर चहाच्या वेळी मला गाठा. तो या सुट्टीत परत येणार आहे.