दोन वर्षांपुरतं घर

नमस्कार मंडळी. लहान मुलांना घेऊन दोन-एक वर्षांसाठी परदेशात राहायला जाणं, हा आजचा विषय. समोर बसलेल्यांपैकी काहींची तिकिटं निघाली असतील, काहींचं अजून ‘बघू, नक्की नाही’ चाललं असेल. दोन-तीन जण तर नुकतेच परत आलेत, असं मघाशी बोलताना कळलं. त्यांना माझं काही पटलं नाही तर त्यांनी खुशाल मध्येच थांबवावं.

परदेशातल्या नेमणुकीचं किंवा शिष्यवृत्तीचं पत्र आलं की घरात हमखास एक वाक्य ऐकू येतं. ‘दोन वर्षं तर आहेत, हां हां म्हणता जातील.’ पस्तिशीतल्या माणसाच्या बाबतीत ते खरंही आहे. त्याच्या आयुष्याचा तो जेमतेम सतरावा-अठरावा भाग. पण चार वर्षांच्या मुलीचा हिशेब मांडून बघा. परतेल तेव्हा ती सहा वर्षांची असेल, म्हणजे तिचं एक तृतीयांश आयुष्य तिथे गेलेलं असेल. त्यातही पहिल्या तीन वर्षांतलं मोठेपणी जवळजवळ काहीच आठवत नाही. तेव्हा तिच्या आठवणीत राहणारं सुरुवातीचं बालपण बरंचसं तिथलंच असणार. आई-वडील तिथे मुक्कामाला असतात, मूल मात्र तिथलं रहिवासी होतं. घरातल्या बऱ्याच कटकटी या दोन हिशेबांच्या भांडणातून निघतात.

एक जुनं उदाहरण सांगतो. रॉबिन्स बर्लिंग नावाचे अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ १९५४ मध्ये संशोधनासाठी गारो टेकड्यांत, म्हणजे आजच्या मेघालयात, राहायला आले. सोबत पत्नी आणि सव्वा वर्षाच्या आसपासचा मुलगा. वडील वहीत शब्द टिपत तिथली गारो भाषा शिकत होते आणि मुलगा अंगणात खेळता खेळता ती बोलायला लागला. घरातली इंग्रजी होतीच, पण गारो तिच्या पुढे निघून गेली. दोन वर्षांनी कुटुंब परत निघालं. भारतातून निघालेल्या विमानात शेजारच्या आसनावर एक मुलगा बसला होता, दुसऱ्याच मुलखातला. त्याचा चेहरा बघून या पोराला वाटलं, हा आपल्यातलाच. त्यानं त्याच्याशी धो धो गारो बोलायला सुरुवात केली. त्यानंतर तो इतकं गारो पुन्हा कधी बोललाच नाही. सहा महिन्यांच्या आत साधेसाधे शब्दही त्याला अडायला लागले. बर्लिंगनी हे सगळं १९५९ मध्ये लिहून ठेवलं, आणि मुलांच्या भाषेवर काम करणारे अजून त्याचा दाखला देतात.

यातला पहिला भाग सगळ्यांना आवडतो. ‘मुलं काय, पटकन शिकतात!’ दुसरा भाग कुणी सांगत नाही. मुलं पटकन विसरतातही. ज्या वयात भाषा झरझर येते त्याच वयात ती झरझर जातेही, कारण लहान मूल भाषा जपून ठेवत नाही, समोरच्या माणसासाठी वापरतं. समोरचं माणूस गेलं की भाषा गेली. म्हणून दोन वर्षांनी ज्या आजी-आजोबांकडे परतायचं आहे, त्यांची भाषा घरात चालू ठेवा. शाळेतली बाई प्रेमानं सांगेल की घरीही आमचीच भाषा बोला, म्हणजे त्याला लवकर येईल. तिचा हेतू चांगला असतो, पण ऐकू नका. तुमच्या मोडक्यातोडक्या वाक्यांतून त्याला तिथली भाषा यायची नाही. ती त्याला मैदानावर येईल. रागावणं, लाड करणं, झोपताना गोष्ट सांगणं हे मात्र ज्या भाषेत तुमची जीभ अडखळत नाही तिच्यातच नीट होतं.

आता घराबद्दल. तात्पुरतं राहणाऱ्यांची घरं मी बरीच पाहिली आहेत, ती ओळखू येतात. सहा महिने झाले तरी एक खोकं कोपऱ्यात टेपसकट, गादी जमिनीवर, भिंती कोऱ्या. ‘कशाला घ्यायचं, परत तर जायचंय.’ विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं, पण विंचवाला चार वर्षांची मुलगी नसते. तिला आपलं चित्र लावायला जागा लागते. घरमालक भिंतीला काही लावू देत नसेल तर कपाटाचं दार वापरा, पण एक जागा तिची पाहिजे. आणि पहिल्या आठवड्यात जवळच्या सार्वजनिक वाचनालयात तिच्या नावाचं कार्ड काढा. बऱ्याच देशांत ते मुलांना फुकट मिळतं. चित्रांची पुस्तकं, लहानांसाठी गाणी-गोष्टींची वेळ आणि पावसापाण्यात बसायला ऊबदार जागा, सगळं एका ठिकाणी. शिवाय काही विकत न घेता तासभर बसलं तरी कुणी उठवत नाही, ही सोय परदेशात किती मोलाची आहे ते गेल्यावर कळेल.

पहिल्या दिवसांतल्या व्यावहारिक गोष्टींवर फार वेळ घालवत नाही. शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण तासभर सरकतं, तेव्हा जितक्या तासांचा फरक जवळपास तितके दिवस मूल अवेळी जागं राहील. पूर्वेकडे गेलात तर जास्तच त्रास. सकाळचं ऊन अंगावर घ्या आणि त्या आठवड्यात कुणाला घरी बोलावू नका. लसीकरणाची नोंद सामानात नको, हातातल्या पिशवीत ठेवा; बऱ्याच ठिकाणी शाळाप्रवेशाच्या वेळी ती मागतात. औषधांची कंपनीची नावं सोडा, आतल्या घटकाचं नाव लिहून न्या. त्यातही गंमत आहे. आपण ज्याला पॅरासिटामॉल म्हणतो ते अमेरिकेत असिटामिनोफेन असतं. रात्री दोन वाजता तापानं फणफणलेलं पोर कडेवर घेऊन हे शोधायची वेळ येऊ नये. मदतीचा फोन नंबरही मुलाला पाठ करून द्या. युरोपीय संघात ११२, अमेरिकेत ९११, ऑस्ट्रेलियात तीन शून्यं.

शाळेवर मात्र थोडा थांबतो.

पाच वर्षांचा मुलगा. नवीन शाळा, पहिला आठवडा. भाषा शून्य. त्याला लघवीला लागली आहे. आधीच्या शाळेत करंगळी दाखवली की काम व्हायचं. इथे तो करंगळी दाखवतो, बाई हसून त्यालाही करंगळी दाखवतात आणि फळ्याकडे वळतात. तो थांबतो. दोन्ही पाय एकमेकांना आवळून खुर्चीच्या कडेवर बसतो. दुसरी मुलं रंगवत असतात, तो हातातल्या खडूचा कागद सोलत राहतो. पुढचं तुम्हाला कळलंच. घरी येतो तो प्लॅस्टिकच्या पिशवीत ओली चड्डी आणि अंगावर शाळेतली कुणाची तरी ढगळ पँट घेऊन. दुसऱ्या दिवशी तो शाळेत पाणी प्यायचं बंद करतो. आई-वडिलांना वाटतं, शाळा आवडत नाही. शाळेला वाटतं, मूल हट्टी आहे.

म्हणून जाण्याआधी मुलाला अक्षरं नकोत, रंगांची नावं नकोत. चार वाक्यं द्या. मला लघवीला जायचंय. मला दुखतंय. मला नको. माझ्याबरोबर खेळशील? रोज अंघोळीच्या वेळी घोकून घ्या, नाटक करून घ्या. आणि पहिल्या दिवशी बाईंच्या हातात एक कागद द्या: मूल घाबरलं की काय करतं, त्याला काय चालत नाही, घरी त्याला काय म्हणून हाक मारतात, ते तिथल्या लिपीत. बाई तो ठेवून घेतात, असा अनुभव आहे. सांगितलेलं विसरतं, टेबलावरचा कागद दिसत राहतो.

यानंतर बरीच मुलं शाळेत गप्प होतात. आठवडेच नाही, कधीकधी काही महिने. घरी अखंड टकळी आणि शाळेत तोंडाला कुलूप. घाबरायचं कारण नाही. नव्या भाषेत पडलेली लहान मुलं आधी ऐकतात, बघतात, मनात जुळवतात, मग बोलतात. या काळात ‘बोलून दाखव ना काकांना’ असं म्हणून पाहुण्यांसमोर परीक्षा घेऊ नका. ती खेळतात का, खुणांनी का होईना दुसऱ्या मुलांत मिसळतात का, एवढं बघा. मात्र मूल घरीही गप्प झालं, खेळायचंच सोडलं, झोप आणि खाणं दोन्ही बिघडलेलं राहिलं, तर वाट बघत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

कॅनडातले जिम कमिन्स यांनी स्थलांतरित मुलांच्या शाळेतल्या भाषेवर बरंच काम केलंय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की मैदानावरची बोलायची भाषा साधारण दोन वर्षांत येते, पण अभ्यासाची भाषा बरोबरीच्या मुलांइतकी यायला पाच ते सात वर्षं लागतात. तुमचा मुक्कामच दोन वर्षांचा. म्हणजे पोर जरा मोठं असेल, सात-आठ वर्षांचं, तर ते वर्गात मागे राहणार हे धरूनच चला. तिथल्या प्रगतिपुस्तकावरून त्याच्या बुद्धीचा अंदाज बांधू नका. गणित आणि वाचन घरच्या भाषेत चालू राहिलं तर फार बिघडत नाही.

आता ज्याबद्दल बोलायला लोक कचरतात ते. दोघांपैकी एकाला नोकरी असते. ऑफिस, ओळखी, जेवणाच्या सुट्टीतल्या गप्पा हे त्याला पहिल्याच आठवड्यात मिळतं. दुसरा माणूस, बहुतेक वेळा बाई, आपली नोकरी सोडून आलेली असते आणि पुष्कळ देशांत तिच्या व्हिसावर तिला काम करायची मुभा नसते. कालेर्वो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञांनी १९५४ मध्ये रिओ द जानेरोत परक्या संस्कृतीत बसणाऱ्या धक्क्यावर एक व्याख्यान दिलं. ते पुढे छापलं गेलं आणि अजून वाचलं जातं. ते झालं होतं तिथल्या महिलांच्या क्लबात! ओबर्ग यांचं म्हणणं होतं की हा त्रास मोठ्या संकटांचा नसतो. रोजच्या व्यवहारात कधी हात मिळवायचा, कुणाला काय म्हणायचं, अशा ज्या शेकडो खुणांवर आपण नकळत चालतो त्या एकदम नाहीशा होतात, त्याचा असतो. आणि या खुणांशी झटापट कुणाची होते? दुकानदार, डॉक्टर, बस, शाळेचं फाटक, सगळीकडे घर चालवणाऱ्याची. नोकरी करणाऱ्याला इमारतीच्या दारात ओळखपत्र दाखवलं की ओळखीचं काम समोर असतं.

संध्याकाळी तो घरी येतो आणि विचारतो, ‘आज काय केलंस?’ या साध्या प्रश्नावरून किती घरांत भांडणं झाली आहेत! मुलं या वातावरणाचा अंदाज फार लवकर घेतात. दिवसभर तीन वर्षांच्या पोरीशिवाय कुणाशी न बोललेली आई चिडचिडी झाली की पोरगी चिकटते, पोरगी चिकटली की आईला श्वास घ्यायला जागा उरत नाही. तेव्हा नोकरी करणाऱ्यानं आठवड्यातून एकदा तरी मुलाला शाळेत पोचवावं, फाटकापाशी दहा मिनिटं उभं राहावं, इतर आई-वडिलांशी चार शब्द बोलावेत. शनिवारी मुलं त्याच्याकडे सोपवून दुसऱ्यानं एकट्यानं घराबाहेर पडावं, भाषेच्या वर्गाला, पोहायला, कुठेही. खरेदीला नाही. खरेदी हे कामच आहे.

आजी-आजोबांचे फोन हा आणखी एक विषय. पोराच्या तोंडासमोर फोन धरायचा आणि ‘बोल ना, बोल ना’ करायचं. पोर पळतं, आजी हिरमुसते, आई पोरावर ओरडते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१६ मध्ये दीड वर्षाखालच्या मुलांना पडद्यापासून लांब ठेवा असं सांगितलं, पण नातेवाइकांशी व्हिडिओवर बोलणं त्यातून वगळलं. तेव्हा फोन जरूर करा, फक्त त्याची मुलाखत करू नका. फोन टेबलाला टेकवून ठेवा. आजीनं तिकडे गोष्टीचं पुस्तक धरावं, किंवा इकडे पोरगी ठोकळे रचत बसावी आणि आजोबांनी नुसतं बघत मधूनमधून ‘पडला की गं!’ म्हणावं. वेळ ठरलेली असावी. घड्याळांतल्या फरकामुळे एक बाजू कायम जांभया देणार, ते मान्य करून टाका.

‘आपण घरी कधी जाणार?’ याला ‘लवकरच’ हे उत्तर देऊ नका. लहान मुलाचं लवकर म्हणजे दुपारी. भिंतीवर कॅलेंडर असू द्या आणि ‘तुझे दोन वाढदिवस इथे होतील, मग आपण जाऊ’ असं सांगा. वाढदिवस तिला कळतात. आणि हा प्रश्न यायचा बंद झाला की समजा, तिचं घर आता इथे झालंय. त्या वेळी आई-वडिलांना जरा लागतं. लागू द्यावं, पण तिला पुन्हा पुन्हा जुन्या घराची आठवण करून देऊ नये.

परतीचं नियोजन लोक सामानापुरतंच करतात. शाळांचं गणित आधी बघा. इंग्लंडमध्ये चार पूर्ण झालेलं मूल सप्टेंबरमध्ये शाळेत जाऊन अक्षरं गिरवायला लागतं, फिनलंडमध्ये पहिली सातव्या वर्षी सुरू होते. तिथून साडेसहा वर्षांचं मूल परत आणलंत तर त्याचं रीतसर लेखन-वाचन सुरूच झालेलं नसेल, आणि इकडे त्याच्या वयाची मुलं परिच्छेद लिहीत असतील. मुलाचं काही चुकलेलं नसतं. निघण्याआधी सहा महिने परतीच्या शाळेशी बोला, वर्ग वयावर ठरतो की शिकलेल्यावर ते विचारा, आणि तिथल्या वह्या, चित्रं, बाईंचं पत्र बरोबर आणा. शेवटच्या महिन्यात मुलीला तिच्या मैत्रिणींचा, बसच्या ड्रायव्हरचा, वाचनालयातल्या बाईंचा निरोप घेऊ द्या, नावं घेऊन, प्रत्येकाकडे जाऊन. झोपेत विमानात घालून आणलेली मुलं नंतर महिनोन्महिने विचारत राहतात की त्या सगळ्यांना आपण गेलो हे माहीत आहे का. आल्यावर पहिलं सत्र शिकवणी लावू नका. त्या काळात ती तिथल्या भाषेत पुटपुटेल, शेजारच्या मुलांना तिथले खेळ शिकवायला जाईल आणि मुलं हसतील. तेव्हा घरात कुणीतरी तो खेळ तिच्याशी खेळणारं हवं.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या ताई मघापासून हात वर करून बसल्या आहेत, आधी त्यांचा.