टायर गोटा होण्याआधी दगड होतो

नमस्कार. मागे आवाज पोचतोय ना? पत्रिकेवर विषय लिहिलाय 'स्पोर्ट्स कारला नवे टायर घेताना कोणते निवडावेत' आणि मी तिथे येणारच आहे, साइज, ब्रँड, खुणा सगळं सांगणारे, पण त्याआधी एक गोष्ट मनात घट्ट बसलीय ती बोलल्याशिवाय मला पुढे सरकता येणार नाही. ती म्हणजे टायरचं वय.

आज सकाळी दुधाच्या पिशवीवरची तारीख किती जणांनी बघितली? वा, निम्मे हात वर. आणि खाली जी गाडी लावून आलात तिच्या टायरवरची तारीख किती जणांना माहितीये? दोन हात. त्यातला एक माझा पुतण्या आहे, त्याला मी कालच दाखवली.

माझा भोसरीला रबर मोल्डिंगचे साचे बनवायचा धंदा आहे. बुश, ऑइल सील, ओ-रिंग, असलं सगळं. त्यामुळे रबर म्हटलं की मी आधी नख रोवून बघतो आणि मग हे काढतो. हे बघा, दिसायला खिशातल्या घड्याळासारखं आहे, ह्याला ड्युरोमीटर म्हणतात. खाली बोथट टोकाची एक पिन आहे, ती रबरावर दाबली की काटा फिरतो, शून्य ते १००, ह्या मोजपट्टीला शोअर ए म्हणतात. आकडा जेवढा जास्त तेवढं रबर कडक. कारखान्यात माझा अर्धा दिवस ह्या काट्याकडे बघण्यात जातो.

तर गाडीची गोष्ट. २०२१ साली मी सेकंडहँड पोर्श केमन एस घेतली, २०१४ चं मॉडेल. इंजिन मधोमध, ताकद मागच्या चाकांना, ३२५ हॉर्सपॉवर. आधीच्या मालकाने ती बाळासारखी जपलेली, सात वर्षांत १३ हजार किलोमीटर सुद्धा नाही, वर्षातले दहा महिने कव्हरखाली. टायरची नक्षी छान शिल्लक, मागे साडेचार मिलिमीटर, पुढे त्याहून जास्त, आणि कायद्याने कारला १.६ मिलिमीटर असली तरी चालते, म्हणजे कागदावर सगळं उत्तम. मी पण खूश होतो.

पुढच्या वर्षी जुलैमध्ये सूस रोडने पाषाणकडे येत होतो, रिमझिम चालू, वेग चाळीसच्या आसपास, वळणावर हलकासा ॲक्सिलरेटर दिला आणि गाडीचा मागचा भाग सरळ उजवीकडे निघाला. सावरली, पण पाय लटपटत होते. म्हटलं ऑइल सांडलं असेल. आठ दिवसांनी परत तेच, दुसऱ्या रस्त्यावर. मग चौकशी सुरू, एकाने अलाइनमेंट करून दिली, दुसऱ्याने तीच परत करून दिली, तिसरा म्हणाला सस्पेन्शनमधले मागचे रबरी बुश गेलेत. आता बुश म्हणजे माझा घरचा विषय, मी ड्युरोमीटर घेऊन गाडीखाली शिरलो, बुश तपासले तर अगदी ठणठणीत. बाहेर येताना सहज, म्हणजे खरंच काही विचार न करता, तेच यंत्र मागच्या टायरला लावलं. काटा ८४ वर. मला वाटलं यंत्र बिघडलं. चारही चाकांना लावलं, ८२, ८३, ८४, ८४. ह्या जातीचा नवा टायर मी मोजलाय तेव्हा ६५ ते ७० च्या मधेच आलाय. हातात बॅटरी घेऊन साइडवॉलवरचा कोड वाचला तर चारही टायर २०१४ चे. गाडीसोबत आलेले. आठ वर्षांचे!

आपल्याकडे म्हणतात टायर गोटा झाला, म्हणजे नक्षी झिजून गुळगुळीत झाला, की बदला. गोटा झालेला डोळ्याला दिसतो हो, पोलिसाला पण दिसतो. दगड झालेला दिसत नाही. आणि माझं म्हणणं एवढंच आहे की वॅगनआर, टॅक्सी, टेम्पो ह्यांचे टायर झिजून मरतात, स्पोर्ट्स कारचे आपल्याकडे बहुतेक वेळा वयाने मरतात, कारण आपण त्या गाड्या चालवतोच किती? रविवारी पहाटे लोणावळा आणि परत.

का कडक होतात ते थोडक्यात सांगतो, हा माझा आवडता भाग आहे. हवेतला ऑक्सिजन रबराच्या साखळ्यांमध्ये हळूहळू नवे बंध तयार करतो, उष्णतेने ते काम अजून जोरात चालतं, आणि आपला एप्रिल-मे तुम्हाला माहितीये. शिवाय ओझोन वरून चिरा पाडतो. ते थांबवायला कंपन्या रबरात संरक्षक रसायनं आणि मेण मिसळतात, टायर फिरतो, दबतो, ताणला जातो तेव्हा ती आतून वर येत राहतात. जुन्या साइडवॉलवर जो तपकिरी थर दिसतो ना, तो त्याचाच. आता गाडी उभीच राहिली तर ते वर येणं मंदावतं. म्हणजे आपल्याला वाटतं जपून ठेवली, आणि टायरच्या बाजूने बघितलं तर उलटंच चाललेलं असतं.

हे फक्त आपल्याकडचं नाही. ३० नोव्हेंबर २०१३ ला कॅलिफोर्नियात पॉल वॉकर हा नट गेला, ती गाडी पोर्श करेरा जीटी होती, २००५ ची. चालवत होता त्याचा मित्र, दोघेही गेले. तपासात मुख्य कारण वेग निघालं, ताशी १३० ते १५० किलोमीटर, तेही ताशी ७२ ची मर्यादा असलेल्या रस्त्यावर, पण त्याच अहवालात टायर नऊ वर्षांचे होते हे सुद्धा नोंदवलंय, आणि त्याचा गाडीच्या पकडीवर परिणाम झाला असणार असंही. लाखो डॉलरची गाडी, आणि टायर नऊ वर्षांचे. मी ते वाचलं होतं. वाचून सुद्धा स्वतःच्या गाडीचा कोड बघितला नव्हता, ह्याचा मला अजून त्रास होतो.

आता कोड कसा वाचायचा. टायरच्या बाजूला डीओटी असं लिहिलेलं असतं, त्या ओळीच्या शेवटी चार आकडे. ३१२२ म्हणजे २०२२ चा ३१ वा आठवडा. एवढंच. मात्र पुष्कळ टायरवर हा पूर्ण कोड एकाच बाजूला असतो, आणि टायर बसवताना ती बाजू आत गेली की बाहेरून काही दिसत नाही. ह्यावरून माझं जे झालं ते सांगतो आणि मग पुढे जातो.

नवे टायर शोधायला लागलो. पुढे २३५/४० झेडआर १९, मागे २६५/४० झेडआर १९. हे साइज दुकानात रांगेत लावलेले नसतात. २०२० च्या जूनपासून केंद्र सरकारने नव्या टायरच्या आयातीवर निर्बंध घातलेत, आणायला लायसन लागतं, त्यामुळे माल लॉटमध्ये येतो आणि मधे कोरडं. चार महिने थांबलो. मग एका दुकानातून फोन आला, चारही आहेत, या. गेलो, पैसे भरले, त्यांनी संध्याकाळी बसवून दिले, बॅलन्सिंग केलं, हार घालायचंच बाकी ठेवलं होतं. घरी आलो आणि मन काही स्वस्थ बसेना. रात्री साडेदहाला पार्किंगमध्ये जुना पेपर अंथरला, गाडीखाली आडवा झालो, आणि आतल्या बाजूने बॅटरी मारली. पुढचे दोन्ही २०२२ चे. मागचा उजवा, ३१२२. मागचा डावा, ०८१८. दिवस होता २०२३ च्या जानेवारीतला. म्हणजे एकाच ॲक्सलवर एक टायर सहा महिन्यांचा आणि दुसरा पाच वर्षांचा, आणि बिल दोघांचं सारखं!

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी मी दारात. मालक शांतपणे म्हणाले, "साहेब, टायर काय पालेभाजी आहे का शिळी व्हायला?" मी ड्युरोमीटर काढला. उजवा ६८, डावा ७६. त्यांनी स्वतःच्या हाताने दाबून बघितलं, परत बघितलं, शेजारच्या पोराला बोलावून त्याला बघायला लावलं. मग म्हणाले, कंपनीकडून असाच आला. असेलही. तीन चकरा झाल्या, अडीच महिने मी बायकोच्या गाडीने फिरलो, आणि शेवटी टायर बदलून मिळाला. हे पण खरं की थंड, अंधाऱ्या गोडाऊनमध्ये नीट ठेवलेला टायर गाडीवर उन्हात बसलेल्या टायरपेक्षा खूप हळू म्हातारा होतो, दीड-दोन वर्षांचा नवा कोरा टायर मिळाला तर मी डोळे झाकून घेईन. पण पाच वर्षं आणि तेही न सांगता? तेव्हा, पैसे द्यायच्या आधी, टायर रिमवर चढायच्या आधी, चारही कोड वाचायचे आणि बिलावर लिहून घ्यायचे. दुकानदार हसला तर हसू दे.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, निवड कशी करायची ते आता पटापट.

साइज गाडीच्या दारावरच्या स्टिकरप्रमाणेच, हौसेने रुंद करू नका. त्यापुढचा आकडा वजनाचा, ९२ म्हणजे एका टायरवर ६३० किलो, ९८ म्हणजे ७५०, त्याच्या खाली जायचं नाही. मग अक्षर, ते कमाल वेगाचं, ताशी किलोमीटरमध्ये: व्ही २४०, डब्ल्यू २७०, वाय ३००. लोक म्हणतात समृद्धीवर सुद्धा १२० ची मर्यादा आहे, ३०० चा टायर कशाला? कारण ते अक्षर म्हणजे टायर किती उष्णता सहन करतो आणि त्याचा सांगाडा किती ताठ आहे त्याचं माप आहे, गाडीचं सस्पेन्शन त्याच्यावर जुळवलेलं असतं.

गाडीच्या कंपनीच्या खुणा. पोर्शची एन आणि पुढे आकडा, बीएमडब्ल्यूचा तारा, मर्सिडीजचं एमओ. टायरचं नाव तेच असलं तरी आतली बांधणी त्या गाडीसाठी बदललेली असते. मिळत असेल तर घ्या, आणि एन-झीरो आणि एन-वन एकाच गाडीवर मिसळू नका. ऑल व्हील ड्राइव्ह असेल तर चारही एकदम, नाहीतर कमी-जास्त घेरामुळे ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीवर, ताण येतो.

प्रकार. मिशेलिनच्या पायलट स्पोर्ट कप टू सारखा ट्रॅकचा टायर इंटरनेटवर बघून घ्यावासा वाटतो, पण त्याची नक्षी उथळ, साचलेल्या पाण्यात तो तरंगायला लागतो. आपल्याकडे चार महिने पाऊस, ताम्हिणीत जुलैमध्ये रस्त्यावरून पाणी आडवं वाहतं. ट्रॅकला जात नसाल तर नको. मिशेलिनचा पायलट स्पोर्ट फोर एस, पिरेलीचा पी झीरो, कॉन्टिनेंटलचा स्पोर्टकॉन्टॅक्ट सेव्हन, ब्रिजस्टोनचा पोटेन्झा स्पोर्ट, ह्या चौघांतला कुठलाही चांगला, ह्यातला ताजा जो मिळेल तो घ्या, माझ्या मते ब्रँडपेक्षा ताजेपणा मोठा. युरोपचं लेबल असेल तर ओल्या पकडीचं अक्षर ए बघा. ट्रेडवेअरचा, म्हणजे टायर किती हळू झिजेल त्याचा, आकडा कंपनी स्वतः देते, दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांशी ताडत बसू नका. दोनच टायर घ्यायचे असतील तर नवे मागे, आणि पावसाळ्याआधी नक्षी तीन मिलिमीटर राहिली की बदला, १.६ ची वाट बघू नका.

हवा सकाळी, टायर गार असताना. टायर साधारण सहा डिग्री तापला की दाब एक पीएसआय वाढतो. खड्ड्यात आपटून साइडवॉलला फुगा आला तर आतले धागे तुटलेत, त्याला पंक्चरवाला काही करू शकत नाही, टायर गेला. नव्या टायरला साच्यातून सुटायला लावलेलं द्रव्य राहिलेलं असतं, हे मी साचेवाला म्हणून सांगतो, पहिले काही शे किलोमीटर जपून.

वेळ संपली, प्रश्न वरती घेत नाही. गाडी खाली गेटच्या डाव्या हाताला उभी आहे, पाऊस थांबलाय तोवर चार-चार जण या, ड्युरोमीटर माझ्याकडे आहे, बॅटरी पण आणलीय. आधी माझ्या गाडीला लावून दाखवतो, मग तुमच्या-तुमच्या गाडीकडे जाऊ.