विसाव्या दिवशी

(फोंडा. पावसाची बारीक रिपरिप. एक स्कूटर, मागे बसलेल्या बाईच्या मांडीवर पोतं.)

रविवार, सकाळचे साडेसात. फोंड्यात या वेळेला जाग असते ती फक्त हॉटेलांत, भाजी-पावाचे पहिले टोप उतरलेले असतात आणि त्या टोपातली बरीचशी भाजी आदल्या रात्री बेळगावकडून घाट उतरून आलेली असते. गोव्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. घाटात दरड पडली की आपल्याकडे टोमॅटो महागतो, एवढं सरळ गणित आहे.

स्कूटर चालवणाऱ्या ताई बँकेतून रिटायर झाल्यात. मागची नर्स आहे, नाइट ड्युटी संपवून थेट आलीय, झोप दुपारी. पोत्यात शेणखत, हँडलला लटकवलेल्या कापडी पिशवीत बियांच्या पुड्या, एक कोयती आणि एक जाडजूड वही, जुन्या कॅलेंडरचं कव्हर घातलेली. वहीचं नंतर सांगतो.

ही दहा-बारा जणांची मंडळी आहे, आम्ही कॅमेरा घेऊन यांच्यामागे फिरलो. ग्रुपला नाव नाही, बॅनर नाही, टी-शर्ट नाहीत, व्हॉट्सॲप ग्रुप तेवढा आहे आणि त्यावर गुड मॉर्निंग टाकलं तर ताई ओरडतात. काम एकच, ज्याला घरच्या घरी भाजी लावायचीय त्याच्या घरी जाऊन शिकवायचं. फुकट. चहा चालतो, नाही म्हणत नाहीत.

(बंद दुकानं, रिकामा रस्ता.)

२०२० चा मार्च आठवा. लॉकडाऊन लागला, सीमा बंद, भाजीचे ट्रक पलीकडेच अडकले, आणि तेव्हा ज्याच्या परसात अळू नि शेवगा होता तो माणूस एकदम श्रीमंत वाटायला लागला. मग आपण सगळेच सुटलो. यूट्यूब बघून टोमॅटो लावला, बाटल्या कापून कोथिंबीर लावली, मी स्वतः पेंटच्या डब्यात वांगं लावलं होतं. आणि जून आला. वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस आपल्याकडे, त्यातला बहुतेक सगळा चार महिन्यांत, आणि यूट्यूबवरचा तो माणूस पुण्याचा नाहीतर इंदूरचा. माझं वांगं पंधरा दिवसांत आडवं झालं.

या मंडळींची सुरुवात तिथूनच झाली. पहिल्या वर्षी त्यांनी सगळे करतात तेच केलं, देवळाच्या सभामंडपात वर्कशॉप. चाळीस माणसं, प्रोजेक्टर, प्रत्येकाला दोन रोपं फुकट, शेवटी ग्रुप फोटो. दोन महिन्यांनी ताईंनी एकेकाला फोन लावला. किती रोपं जगली तो आकडा मला माहितीय, पण ताईंनी सांगू नको म्हटलंय.

तेव्हा ही वही आली. पहिल्या रकान्यात घर, दुसऱ्यात बी दिल्याची तारीख, तिसऱ्यात परत जायची तारीख, म्हणजे विसावा दिवस. विसावाच का, तर तोवर उगवायचं ते उगवलेलं असतं, मरायचं ते मरायला लागलेलं असतं, आणि माणूस 'आपल्या हाताला गुण नाही' म्हणून मोकळा व्हायच्या बेतात असतो. नेमकं त्या दिवशी दार वाजलं पाहिजे. रोप वाटायला हल्ली कुणीही येतं हो, मेलेलं रोप बघायला कोण येतं?

(कुर्टी. एका बिल्डिंगचा जिना, तिसरा मजला.)

आज कुर्टीतल्या एका वहिनींचा विसावा दिवस. बाल्कनीत चार ग्रो बॅग. तीनमध्ये तांबडी भाजी (लाल माठ) होती, म्हणजे असायला हवी होती, आता लोळागोळा झालेले लालसर दोरे दिसतायत. चौथ्यात दोडक्याचा वेल, पिवळट, पण उभा आहे. वहिनींनी दार उघडल्या उघडल्या माफीच मागितली, शाळेचा अभ्यास केला नाही तशी.

ताईंनी काही न बोलता बोट मातीत खुपसलं, दुसऱ्या पेरापर्यंत. मग एवढंच म्हणाल्या, "उदक चड घालता गो तूं." पाणी जास्त घालतेस गं तू.

हे वाक्य मी महिनाभरात निदान पंधरा घरांत ऐकलं. गोव्यात पावसाळ्यात कुंडीतलं झाड तहानेनं मरत नाही, बुडून मरतं. वरून पाऊस, खालून भोकं बुजलेली, आणि बाजारात मिळतं ते कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, तर पाणी धरून ठेवण्यासाठीच असतं, ते उन्हाळ्यात वरदान आणि जुलैमध्ये शिक्षा. म्हणून ही मंडळी पावसाळ्याच्या मिश्रणात कोकोपीट मूठभरच घालतात, बाकी तांबडी माती, कुजलेलं शेणखत, थोडी रेती. आपली चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, माती आंबट, तिला चुलीची राख लागते. फ्लॅटात चूल कुठली, म्हणून राखेची एक पिशवी ताई गावाहून आणतात आणि चहाच्या चमच्यानं वाटतात, प्रसादासारखी.

मग बॅगा विटांवर चढल्या, बाजूने कोयतीच्या टोकाने नवी भोकं पडली, तांबडी भाजी परत पेरली. तिचं बी खसखशीएवढं, तसंच टाकलं तर एका जागी झुबका होतो आणि उरलेलं मुंग्या नेतात, म्हणून राखेत कालवून भुरभुरायचं. महिन्याभरात काढायला येते. वहीत नवी तारीख पडली. वहिनींनी विचारलं, परत येणार तुम्ही? नर्स म्हणाली, येणार म्हणजे काय, लिहिलंय ना.

(वरचा बाजार परिसर. दुकानामागची गच्ची.)

पुढचं घर एका दुकानदार काकांचं. यांना टोमॅटोच हवा. काल संध्याकाळी टवटवीत असलेलं झाड आज मान टाकून उभं, पानं हिरवीच, कीड नाही, पाणी बरोबर. काकांचा संशय शेजाऱ्यावर.

ताईंनी काचेचा ग्लास मागवला, स्वच्छ पाणी भरलं, खोड बुडाशी कापलं आणि कापलेला तुकडा पाण्यात लटकता धरला. थांबा म्हणाल्या. आम्ही कॅमेरा लावून थांबलो. थोड्या वेळात खोडातून दुधासारखी बारीक धार खाली उतरायला लागली, अगरबत्तीचा धूर उलटा सोडावा तशी. हा मर रोग. मातीतले जिवाणू मुळातून शिरतात आणि झाडाच्या पाणी नेणाऱ्या नळ्या चोंदवतात, दमट आंबट जमिनीत त्यांची चंगळ असते. टोमॅटो, वांगी, मिरची ही सगळी एकाच कुळातली, सगळ्यांना लागतो. जुन्या गोव्यात आयसीएआरची, म्हणजे भारतीय कृषी संशोधन परिषदेची, संस्था आहे, तिथे या रोगापुढे टिकणाऱ्या वांग्याच्या जाती तयार झाल्यात त्या उगाच नाही.

काकांना सांगितलं, या मातीत परत टोमॅटो नको, वांगी-मिरचीही नको, भेंडी नाहीतर अळसांदे (चवळीचा प्रकार) लावा. काका नाराज. भेंडी त्यांना चिकट लागते. पण शेजारी सुटला.

(सावईवेरे. पोफळी, केळी, मिरवेली. पाटाचं पाणी.)

आता इथे जरा थांबायला हवं. सावईवेऱ्याचं कुळागर. वर माड नि पोफळी, त्यांच्यावर चढलेली मिरी, खाली केळ, अननस, हळद, आणि घराच्या मागच्या अंगाला जो छोटा तुकडा असतो त्याला आपल्याकडे कोंकणीत पोरसूं म्हणतात. पुस्तकात परसबाग लिहितात तीच ही, फक्त इथे तिला गेट आणि बोर्ड नाही, भांडी घासायची जागा नि गोठा यांच्या मधोमध ती आपोआप झालेली असते.

घरातल्या आजी ऐंशीच्या पुढच्या. मंडळी पहिल्यांदा आली तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "तुम्ही मला भाजी लावायला शिकवणार?" आणि मनापासून हसल्या होत्या. सुनेनं बोलावलं होतं हो, आजींनी नाही. सुनेनं कधी सासूला विचारलं नव्हतं आणि सासूला यात सांगण्यासारखं काही असतं हेच माहीत नव्हतं, एकाच घरात दोघी, मध्ये एक भिंत, आणि शिकवायला माणसं फोंड्याहून आली. मला या सगळ्या शूटिंगमधली ही सगळ्यात खरी गोष्ट वाटली. ज्ञान गेलं गेलं म्हणून आपण रडतो, ते बऱ्याचदा मागच्या खोलीत बसून सुपारी कातरत असतं.

आजींकडून मंडळी काय काय शिकली बघा. माशांचं धुवण टाकायचं नाही, ते कडीपत्त्याला आणि माडाला. नारळाची सोडणं आळ्यात उलटी रचायची, पावसाळ्यानंतर ओल धरतात. तवशी, म्हणजे पावसाळ्यातली मोठी काकडी, पिकली की माडाच्या झावळीच्या पट्टीत बांधून वाशाला टांगायची, महिनोन्महिने राहते, मग तवसाळी, म्हणजे तिचा गोड केक, करा नाहीतर बी काढा. बी राखेत घोळून, वाळवून, चुलीच्या वर. धुरानं किडे लागत नाहीत. आता गॅस आल्यावर हे कसं करायचं, असं नर्सनं विचारलं. आजी म्हणाल्या, मग गॅसला विचार.

बियांचा विषय निघालाच आहे तर. दुकानातलं हायब्रिडचं पाकीट वाईट असतं असं नाही, पीक भरपूर देतं, पण त्याचं बी धरून परत लावलं की पुढचं झाड आईसारखं निघेलच असं नसतं. गावठी बी घरचं घरी चालतं. आणि आपल्याकडे काय गावठी आहे हो! खोलची मिरची, काणकोणच्या डोंगरउतारावर पावसात होते ती. आगशीची वांगी. सात शिरांची भेंडी, एरवी भेंडीला पाच शिरा असतात, मोजून बघा कधी. तिघांनाही जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय. पण मानांकन काही बी राखत नाही, ते कुणाच्यातरी डब्यात असावं लागतं. म्हणून यांचा नियम, मूठभर बी न्या, पीक आलं की दोन मुठी परत करा. वहीतला चौथा रकाना त्यासाठी. तो बराचसा रिकामा आहे, खोटं कशाला सांगू.

सत्तरीतल्या घरांचं पान तर वेगळंच. तिथे प्रश्न पाण्याचा नाही, मातीचाही नाही, माकडांचा आहे. टोळी येते, भेंडी खाते, भोपळा फोडून बघते, आवडला नाही तर टाकून जाते. जाळी लावून बघितली, डबे वाजवून बघितले. यावर मंडळींकडे उत्तर नाही आणि ते तसं तोंडावर सांगतात. हळद, आलं, सुरण लावा म्हणतात, जमिनीखालचं तेवढं वाचतं.

(कुर्टी. संध्याकाळ. तीच बाल्कनी.)

ऑगस्ट. वहिनींची तांबडी भाजी दोनदा काढून झाली. पण दोडक्याचं रडगाणं, फूल येतं, बोटाएवढं फळ दिसतं, पिवळं होऊन गळतं. तिसऱ्या मजल्यावर परागीकरण करायला येणार कोण. मंडळीतला एक कॉलेजचा मुलगा आला, तोही सकाळी नाही, संध्याकाळी सहानंतर, कारण दोडक्याचं फूल उन्हं उतरताना उमलतं, भोपळ्याचं मात्र पहाटे. ज्या फुलामागे इवलंसं फळ असतं ते मादी, नुसता देठ असतो ते नर. नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या आणि मादी फुलाच्या मधोमध अलगद फिरवायचं. मुलगा सांगताना लाजून लाल. वहिनींची सासू आतून म्हणाली, "लग्न लावताय की काय?" मग सगळेच हसले आणि आमचा तो शॉट गेला.

एक फळ धरलं. एकच. ताईंनी बजावलं, हे तोडायचं नाही, वेलावरच सुकू दे, आतून खुळखुळ वाजलं की बी तयार.

(चवथ. ढोल-ताशा, फटाके, पाऊस.)

चवथीला फोंड्यातले फ्लॅट रिकामे होतात, सगळे आपापल्या मूळ घरी. वहिनी गेल्या डिचोलीला. चतुर्थीच्या सकाळी ताईंच्या फोनवर फोटो आला. गणपतीच्या वर लाकडी चौकटीला बांधलेली माटोळी, नारळ, पोफळीचं शिपटं, केळ्यांचा घड, कवंडळं, कांगल्या, आंबाडे, तोरिंग, आणि एका कोपऱ्यात हिरवा, बारका, जरा वाकडा दोडका. त्याच्याभोवती फोनवरच लाल गोल काढलेला. खाली लिहिलेलं, 'माझा!!!'

ताईंनी फोटो मोठा करून बघितला. मग नर्सला दाखवला. बियांचा दोडका होता गं तो, म्हणाल्या.

नर्सनं अर्धी नेवरी (करंजी) तोंडात टाकली, पदराला हात पुसले आणि वही उघडली. चौथ्या रकान्यात लिहिलं, बी नाही. जरा थांबून तिसऱ्या रकान्यात चवथीनंतरच्या पहिल्या रविवारची तारीख टाकली.